काचेमागच्या करकरीत नोटा : चलन-संग्रहालयांच्या अभिरक्षकांना खुले पत्र

प्रति,
चलन-संग्रहालयांचे संचालक, अभिरक्षक आणि दालनांची मांडणी करणारे सर्वजण

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

गेली पंचवीस वर्षे मी युद्धकाळात छापल्या गेलेल्या कागदी नोटा जमवतो आणि जमेल तेव्हा संग्रहालयांतली चलनाची दालने पाहतो. अलीकडेच पाहिलेल्या एका दालनात (त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण ही रीत बहुतेक ठिकाणी सारखीच आहे) दोन महायुद्धांतल्या अकरा नोटा एका काचपेटीत मांडल्या होत्या. अकराही कोऱ्या होत्या, एकीलाही घडी नव्हती, सगळ्यांची दर्शनी बाजू वर होती आणि खालच्या पट्ट्यांवर देश, साल, मूल्य आणि चार ठिकाणी ‘दुर्मीळ’ एवढेच लिहिले होते. मागची बाजू पाहता येईल का, असे विचारल्यावर ‘मागे विशेष काही नाही’ असे उत्तर मिळाले. त्या अकरांपैकी एक नोट इटलीत वापरलेली दोस्त राष्ट्रांची लष्करी लिरा होती, आणि तिच्या मागच्या बाजूवर काय छापलेले असते हे मला ठाऊक होते, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

माझी विनंती साधी आहे. युद्धकाळातली नोट मांडताना तिच्यावरचे वचन शब्दशः वाचून दाखवा, तिच्या दोन्ही बाजू दाखवा आणि वापरलेली प्रत मिळत असेल तर कोरी मांडू नका. या तीन गोष्टी मी वेगवेगळ्या सांगत असलो तरी माझ्या लेखी ती एकच गोष्ट आहे.

शांततेच्या काळातली नोट सवडीने घडते. कोरीवकाम करणारा महिनोन्महिने एका चेहऱ्यावर बसतो, कागद ठरलेल्या गिरणीतून येतो, जलचिन्ह (उजेडात धरल्यावर कागदात दिसणारी खूण) आधी ठरते. युद्धात मात्र हाताला लागेल ते वापरावे लागते, आणि जे लागले नाही त्याची जागा नोटेवर रिकामी दिसते. १५७४ मध्ये स्पॅनिश फौजेने नेदरलँड्समधले लायडन शहर वेढले तेव्हा तिथल्या लोकांनी कॅथलिक प्रार्थनापुस्तकांची पाने एकमेकांवर चिकटवून, दाबून, त्यांवर ठसा मारून नाणी केली. त्यांवर लॅटिनमध्ये ‘हे स्वातंत्र्यासाठी’ अशा अर्थाची अक्षरे आहेत. ज्या धर्मसत्तेविरुद्ध ते लढत होते तिचीच पुस्तके फाडून स्वातंत्र्याचे पैसे पाडावेत, हे मुद्दाम केले की केवळ जाड कागद तेवढाच उपलब्ध होता म्हणून, ते त्या नाण्याकडे पाहून सांगता येत नाही. पण निदान कागद कशाचा आहे एवढे तरी पट्टीवर यायला हवे.

ब्रिटनसारख्या बलाढ्य साम्राज्याचीही युद्धाच्या पहिल्या आठवड्यात हीच गत झाली. ऑगस्ट १९१४ मध्ये लोक सोन्याची नाणी घरात ठेवू लागतील या भीतीने बँका काही दिवस बंद ठेवल्या गेल्या, ६ ऑगस्टला कायदा झाला आणि ७ ऑगस्टला एक पौंडाची नोट बाहेर आली. एवढ्या घाईत नोटेचा कागद आणायचा कुठून? म्हणून टपाल तिकिटांसाठी ठेवलेला जलचिन्हाचा कागद वापरला गेला. तिच्यावर बँक ऑफ इंग्लंडची नव्हे, अर्थखात्याचे सचिव जॉन ब्रॅडबरी यांची सही आहे, आणि लोक तिला ‘ब्रॅडबरी’ म्हणू लागले. ती उजेडात धरली की आतला तिकिटांचा कागद ओळखू येतो. काचेखाली काळ्या मखमलीवर सपाट ठेवली की नेमके तेच दिसत नाही. तीन वर्षांनी चांदीच्या टंचाईमुळे हिंदुस्थान सरकारलाही एक रुपयाची नोट काढावी लागली, आणि १९१८ मध्ये अडीच रुपयांची. त्या एक रुपयाच्या नोटेवर नाण्याचे चित्र छापले होते, म्हणजे जे देता येत नव्हते त्याचेच चित्र देऊ केले होते.

वेढ्यातल्या नोटा मला सर्वांत बोलक्या वाटतात, कारण तिथे चित्रकार, छापखानेवाला आणि सत्ताधारी यांच्यात अंतरच उरत नाही. १९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मेफकिंगच्या वेढ्यात तिथले ब्रिटिश सेनानी बेडन-पॉवेल यांनी नोटांची रेखाटने स्वतः केली. एक पौंडाची नोट मूळ चित्राचे छायाचित्र घेऊन निळ्या रासायनिक कागदावर उतरवलेली आहे, म्हणजे इमारतीचे नकाशे ज्या रीतीने काढत त्याच रीतीने. दहा शिलिंगांच्या पहिल्या काही नोटांवर ‘कमांडिंग’ या शब्दातले एक अक्षरच गळले आहे. संग्राहक त्या चुकीसाठी जास्त पैसे मोजतात. मी ती चूक तोफा चालू असताना खिळे जुळवणाऱ्या माणसाच्या हाताची खूण म्हणून पाहतो. नोटेवरचे वचन असे, की मुलकी कायदा पुन्हा सुरू झाल्यावर ती बँकेत नाण्यांत बदलून मिळेल. वेढा उठला, बँक होती, नाणी होती, पण लोकांनी आठवण म्हणून नोटा घरीच ठेवल्या आणि फारच थोड्या परत आल्या. वचन पाळण्याची वेळच न आलेली अशी उदाहरणे कमी.

त्याआधी सोळा वर्षे सुदानमधल्या वेढलेल्या खार्टूममध्ये ब्रिटिश जनरल गॉर्डन यांनी काढलेल्या नोटांचे वचन याच्या शेजारी मांडून पाहा. तारीख २५ एप्रिल १८८४. रक्कम सहा महिन्यांनी खार्टूमच्या किंवा कैरोच्या खजिन्यातून मिळेल, असे त्यांवर लिहिले आहे. काही नोटांवर गॉर्डन यांनी स्वतः सही केली. नंतर हात पुरेना तेव्हा सहीची यांत्रिक नक्कल उमटवली गेली. जानेवारी १८८५ मध्ये शहर पडले आणि सही करणारा मारला गेला. या दोन नोटा एकाच पेटीत ठेवून खाली फक्त त्यांवरची मुदत लिहिली, तरी पाहणाऱ्याला पुढचे सारे सुचेल.

वचनाच्या भाषेचा विषय निघाला आहे तर अमेरिकेकडे वळणे भाग आहे. १७७५ पासून ब्रिटनविरुद्ध उठलेल्या वसाहतींच्या काँटिनेंटल काँग्रेसने काढलेल्या नोटा धारकाला अमुक इतके स्पॅनिश डॉलर किंवा तेवढ्या मोलाचे सोने-चांदी मिळण्याचा हक्क देतात. कधी, हे मात्र कुठेही लिहिलेले नाही. या नोटांच्या पाठीवर झाडाच्या खऱ्या पानाचा ठसा आहे. ही बेंजामिन फ्रँकलिन यांची युक्ती. पानाच्या शिरा कोणत्याही कोरक्याला हुबेहूब काढता येत नाहीत, म्हणून खोट्या नोटा करणे अवघड होईल, असा त्यांचा हिशेब होता, आणि पानाचा धातूत ठसा कसा घ्यायचा हे त्यांनी गुप्त ठेवले होते. इंग्रजांनी तरीही खोट्या नोटा छापून पसरवल्या. अर्थात, खऱ्याच नोटा चोवीस कोटी डॉलरच्या घरात छापल्या गेल्यावर खोट्यांनी किती बिघडवले असेल याची मला शंका आहे. शेवटी १७९० मध्ये शंभर डॉलरच्या नोटांना एक डॉलर या दराने रोखे मिळाले. ‘मागे विशेष काही नाही’ म्हणणाऱ्या गृहस्थांना ही नोट दाखवावी असे मला फार वाटले, कारण हिचे सगळे शहाणपण मागेच आहे.

पण वचन वाचण्याचे खरे महत्त्व कळते ते १८६१ ते १८६४ या काळात, अमेरिकेतल्या यादवी युद्धात, दक्षिणेकडच्या फुटीर संस्थानांनी काढलेल्या नोटांवर. त्यांचा मजकूर सांगतो की कॉन्फेडरेट राज्ये आणि अमेरिकेची संयुक्त संस्थाने यांच्यात शांततेचा तह मंजूर झाल्यानंतर सहा महिन्यांनी धारकाला रक्कम मिळेल. पुढच्या काळातल्या मोठ्या नोटांवर हे सहा महिने जाऊन दोन वर्षे येतात. सेनापतींची पत्रे, वर्तमानपत्रांचे अग्रलेख, सारे काही विजयाची खात्री देत असताना नोटेने मात्र मुदत चौपट केली. कोणतेही सरकार आपल्या मनातली धाकधूक इतक्या ठळक अक्षरांत आणि इतक्या लाखो प्रतींत छापत नाही. हा फरक दाखवायला दोन नोटा आणि दोन ओळी पुरतात, आणि तरी मी पाहिलेल्या एकाही दालनात तो दाखवलेला नाही.

त्याच नोटांवर आणखी दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. एक म्हणजे सह्या. कायद्याने सही हातानेच करायची होती, आणि नोटा इतक्या निघाल्या की खजिनदाराच्या आणि नोंदणी-अधिकाऱ्याच्या वतीने सह्या करायला कारकुनांची, पुढे मोठ्या संख्येने स्त्रियांची, नेमणूक करावी लागली. त्यांतल्या अनेकींचे कर्ते पुरुष युद्धावर होते किंवा मेले होते. जवळजवळ प्रत्येक नोटेवर दोन निराळ्या हातांची शाई आहे. एखाद्या नोटेवर सही सुरुवातीला ठसठशीत आणि शेवटी फिकी होत गेलेली दिसते, म्हणजे टाक पुन्हा बुडवायला हवा होता आणि पुढची नोट वाट पाहत होती. दुसरी गोष्ट चित्रांची. १८६२ च्या शंभर डॉलरच्या एका नोटेवर शेतात कुदळ मारणारे गुलाम आहेत. ज्या मालमत्तेसाठी युद्ध चालले होते तीच तारण म्हणून समोर ठेवली आहे. या चित्राखाली ‘शेतीचे दृश्य’ अशी पट्टी मी वाचली आहे, आणि ती लिहिणाऱ्याने विचार केला नव्हता की फार विचार केला होता, हे मला अजून ठरवता आलेले नाही. फिलाडेल्फियातल्या सॅम्युअल उपम नावाच्या दुकानदाराने याच नोटांच्या नकला ‘आठवण’ म्हणून विकल्या. ती नक्कल असल्याचे त्याने तळाशी समासात छापले होते, आणि समास कात्रीने उडवायला किती वेळ लागतो!

आता माझ्या स्वतःच्या संग्रहातली एक नोट. जपानने मलायात चालवलेली दहा डॉलरची ही नोट आहे. तिच्यावर केळीचे झाड आहे, आणि त्यावरूनच तिथे या पैशाला ‘केळ्याचे पैसे’ हे नाव पडले. वर इंग्रजीत लिहिले आहे की जपान सरकार धारकाला मागणी करताच दहा डॉलर देण्याचे वचन देते. दोन अक्षरांचा एक गट आहे, त्यातले पहिले अक्षर ‘एम’, म्हणजे मलाया. फिलिपीन्ससाठी ‘पी’, ब्रह्मदेशासाठी ‘बी’ अशी वाटणी होती. तारीख नाही. सही नाही. अनुक्रमांकही नाही. सुरुवातीच्या नोटांवर क्रमांक होते, मग ते गेले. क्रमांक जाणे ही मामुली काटकसर वाटेल, पण नोटेला क्रमांक असतो याचा अर्थ कुणीतरी कुठेतरी मोजतो आहे. क्रमांक काढला त्या दिवशी मोजणे थांबले, आणि किती छापायचे याला बंधन उरले नाही. माझी नोट मधोमध दोनदा दुमडलेली आहे, एका घडीवर तांदळाची खळ लावून मागून कागदाची पट्टी चिकटवलेली आहे. म्हणजे कुणाला तरी ती फाटल्यावर जोडावीशी वाटली होती. तिला त्या दिवशी अजून काही किंमत होती. कोऱ्या नोटेवरून हे कळणार नाही. १९४५ मध्ये ब्रिटिश परत आले आणि ही नोट एका दिवसात रद्दी झाली.

फिलिपीन्समध्ये तर एकाच वेळी दोन पैसे चालत होते. जपानी पेसो सुबक छपाईचे, आणि डोंगरांत लपलेल्या प्रतिकार-गटांचे पेसो वहीच्या, पुडीच्या, मिळेल त्या कागदावर लाकडी ठशांनी उमटवलेले. जपान्यांनी ते जवळ बाळगण्यावर बंदी घातली होती आणि ते सापडल्यावर लोकांचे जीव गेले. तरीही लोक ते ठेवत. छपाईचा दर्जा आणि लोकांचा विश्वास यांचा संबंध किती सैल असतो, हे दाखवणारी याहून चांगली जोडी मला माहीत नाही. युद्धानंतर निरुपयोगी झालेल्या जपानी पेसोंवर रबरी शिक्के मारून तिथल्या धारकांच्या संघटनेने भरपाई मागितली होती. ती मिळाली नाही. ते शिक्के असलेल्या नोटा ‘खराब झालेल्या’ म्हणून बाजूला टाकू नका.

जिंकणाऱ्यांच्या नोटाही तितक्याच नीट वाचाव्या लागतात. पर्ल हार्बरनंतर, १९४२ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेने हवाईतल्या साध्या डॉलर नोटा परत घेऊन जाळल्या. त्यासाठी एक स्मशानाची भट्टी आणि एक साखर कारखाना वापरला गेला. त्यांच्या जागी दोन्ही बाजूंना ‘हवाई’ असे छापलेल्या, तपकिरी मोहरेच्या नोटा दिल्या, अशासाठी की बेटे जपानने घेतलीच तर तेवढ्याच नोटा रद्द ठरवता याव्यात. गरज पडल्यास नाकारता यावी म्हणून घडवलेली ही नोट पाठीवर ते नाव चांगले मोठ्या पोकळ अक्षरांत मिरवते, आणि तीही बहुधा पाठ खाली करूनच मांडलेली असते.

इटलीतल्या लष्करी लिरांच्या पाठीवर चार स्वातंत्र्ये छापली होती : भाषणाचे, धर्माचे, अभावापासूनचे आणि भयापासूनचे. इंग्रजीत छापली होती. शंभर लिरांना एक डॉलर हा दर जिंकणाऱ्यांनी ठरवला, आणि अभावापासून स्वातंत्र्य देणारी ही नोट खिशात घेऊन लोक भाकरीच्या रांगेत उभे राहिले. ‘मागे विशेष काही नाही’ हे वाक्य मी ज्या नोटेबद्दल ऐकले ती हीच. जून १९४४ मध्ये फ्रान्ससाठी छापून आणलेल्या फ्रँकच्या पाठीवर तिरंगी झेंडा होता पण प्रजासत्ताकाचे नाव नव्हते. फ्रेंच नेते द गॉल यांनी त्या पैशाला खोटा पैसा म्हटले. कागद अस्सल, छपाई अस्सल, आणि आक्षेप एकाच गोष्टीवर : हे वचन देणारे तुम्ही कोण?

यानंतरची नोट मी नाखुशीने लिहायला घेतो. नाझींच्या तेरेजिन छळछावणीत १ जानेवारी १९४३ ही तारीख घातलेल्या नोटा काढल्या गेल्या. त्यांवर ‘नोट’ हा शब्द नाही, ‘पावती’ हा आहे. दहा आज्ञांच्या पाट्या धरलेला मोझेस आहे, आणि खोट्या पावत्या करणाऱ्याला कडक शिक्षा होईल अशी तंबी आहे. चित्र कैदी असलेल्या पेटर कीन यांचे, सही ज्यू वडीलमंडळाचे प्रमुख याकोब एडेलश्टाइन यांची. दोघेही १९४४ मध्ये आउश्वित्झमध्ये मेले. छावणीतल्या दुकानांत या पावत्यांनी मिळे ते बहुतांशी आलेल्या कैद्यांच्याच सामानातून काढून घेतलेले. त्या फारशा फिरल्याच नाहीत, म्हणून आज त्यांच्या कोऱ्या प्रती सहज मिळतात, आणि विक्रेत्यांच्या याद्यांत त्यांच्यापुढे ‘अवस्था : उत्कृष्ट, न वापरलेली’ असे लिहिलेले असते. आपल्या दालनातल्या पट्टीवर तोच शेरा जसाच्या तसा उतरवण्यापूर्वी क्षणभर थांबा. इथे ‘न वापरलेली’ ही नोटेची अवस्था नाही, तो पुरावा आहे.

वापराच्या खुणा म्हणजे काय हे ज्यांना सर्वांत चांगले कळले होते तेही कैदीच होते. नाझींच्या साक्सेनहाउसेन छावणीत सुमारे १४० कैद्यांकडून बँक ऑफ इंग्लंडच्या पाच, दहा, वीस आणि पन्नास पौंडांच्या खोट्या नोटा हुबेहूब करवून घेतल्या गेल्या. कागद साधला, जलचिन्ह साधले, क्रमांक साधले. तरी कोरी नोट संशय जागवते, म्हणून त्या दुमडल्या जात, मळक्या हातांतून फिरवल्या जात आणि टाचणीने टोचल्या जात, कारण इंग्लंडातले कारकून नोटांच्या गड्ड्या टाचणीने एकत्र लावत असत. बँक ऑफ इंग्लंडने १९४३ मध्ये दहा पौंड व त्यावरच्या नोटा काढणे थांबवले, आणि पाच पौंडांची एकाच बाजूला छापलेली जुनी पांढरी नोट पुढे १९५७ मध्ये बदलली. एकीकडे माणसांना जिवाच्या भीतीने नोटेवर वापर उमटवावा लागत होता, आणि दुसरीकडे आपण पेटीत ठेवण्यासाठी वापर नसलेली नोट शोधतो. घड्या घालवण्यासाठी नोटा धुऊन, दाबून सरळ करण्याची जी रीत व्यापाऱ्यांत आहे ती काही संग्रहालयांतही पोचली आहे, हे मी पाहिले आहे. ती कृपया थांबवा.

शेवटचे उदाहरण फार जुने नाही. १९९१ नंतर इराकचा उत्तरेकडचा कुर्दी भाग बगदादपासून तुटला. तिथे परदेशी ठशांवरून छापलेले जुने दिनार चालू राहिले. लोक त्यांना ‘स्विस दिनार’ म्हणत. १९९३ मध्ये बगदादने २५ दिनारची जुनी नोट रद्द केली आणि दक्षिणेत स्थानिक छपाईच्या नव्या नोटा वाटेल तितक्या काढल्या. उत्तरेतल्या नोटांमागे आता सरकार नव्हते, बँक नव्हती, वचन देणारा कुणीच नव्हता. पण नव्याने छापणाराही कुणी नव्हता. त्या झिजल्या, फाटल्या, चिकटपट्टीने जोडल्या गेल्या आणि किंमत राखून राहिल्या. २००३ मध्ये नवे दिनार आले तेव्हा एका स्विस दिनाराला १५० नवे दिनार मिळाले, आणि दक्षिणेतल्या एका दिनाराला एक. ही नोट दालनात ठेवायची असेल तर सर्वांत फाटकी प्रत शोधा.

पेटीत जागा कमी असते, हे मला समजते. आरशाचा एक तुकडा तिरका लावला तर मागची बाजू दिसते, त्याला जागा लागत नाही. पट्टीवर शब्द मोजूनच लिहावे लागतात, हेही समजते. म्हणून माझ्या केळीच्या नोटेसाठी मी एक पट्टी लिहून पाहिली. ती अशी :

‘दहा डॉलर. मलाया, जपानी ताबा, १९४२ ते १९४५. “मागणी करताच देऊ” असे वचन. सही, तारीख, क्रमांक नाही. दोन घड्या, एक खळीने जोडलेली. सप्टेंबर १९४५ नंतर कुणीही घेतली नाही.’

आपल्या दालनासाठी ही नोट हवी असल्यास मी ती विनामूल्य देईन. अट एवढीच, की मागून चिकटवलेली कागदाची पट्टी काढायची नाही.

आपला,
एक संग्राहक